तेराशे वर्षांनी घरी आलेली पोरं

'प्रिन्स कॅस्पियन' हा नार्नियाचा दुसरा सिनेमा मी आत्तापर्यंत बरेचदा बघितलाय आणि दर वेळी एकाच जागी माझा जीव तुटतो. चार भावंडं समुद्राकाठच्या एका टेकाडावर पडक्या भिंतींमधून फिरत असतात, सफरचंदं खात, मजेत, इथं कोण राहत असेल बरं असं बोलत. मोठ्या बहिणीला मातीत बुद्धिबळातला एक सोन्याचा मोहरा सापडतो, धाकटा भाऊ बघतो आणि म्हणतो, अरे हा तर माझा. मग सगळ्यात लहान ल्यूसी एकेकाला हाताला धरून जागेवर उभं करते आणि सांगते, इथं भिंत होती असं समजा, इथं खांब, वर काचेचं छत. आणि तेव्हा चौघांच्याही डोक्यात प्रकाश पडतो की आपण ज्या ढिगाऱ्यावर उभे आहोत तो केअर पॅरावेल आहे, आपला स्वतःचा राजवाडा.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. २००५ च्या डिसेंबरमध्ये पहिला भाग आला, अँड्र्यू अॅडमसनचा. युद्धाच्या काळातली चार इंग्रज मुलं, पीटर, सुझन, एडमंड आणि ल्यूसी, एका जुन्या घरातल्या कपड्यांच्या कपाटातून नार्निया नावाच्या बर्फाळ देशात पोचतात, तिथल्या चेटकिणीचं राज्य उलथवतात, राजे-राण्या होतात, तिथंच मोठे होतात, अगदी दाढीमिशा येईपर्यंत राज्य करतात आणि मग एके दिवशी शिकारीला गेलेले असताना पुन्हा त्याच कपाटातून धडपडत बाहेर पडतात, तर इकडं क्षणही गेलेला नाही आणि ते परत लहानाचे लहान. दुसऱ्या भागात आपल्या इथलं एकच वर्ष झालंय, पण तिकडं नार्नियात तेराशे वर्षं गेलीयेत. तेराशे! म्हणजे ज्या लोकांवर जीव लावला, ज्यांच्याबरोबर जेवले-झोपले, लढले, ते सगळे कधीचे मेले, त्यांची नातवंडं मेली, पणतवंडं मेली, आणि ही चौघं मात्र कालच तर गेलो होतो अशा तोंडानं परत आली.

आता मला सांगा, ह्याहून मोठी गोष्ट कुठल्या सिनेमाला आयती मिळते?

आणि सिनेमाला हे कळलेलं असतं, वाईट त्याचंच वाटतं. खाली तळघरात त्यांच्या जुन्या पेट्या असतात, ल्यूसी आपला राणीपणीचा झगा अंगाला लावून बघते, तो तिला केवढा तरी लांब होतो, किती उंच होते मी असं ती म्हणते. पीटर ढालीवरची धूळ झटकतो. मग ल्यूसीच्या तोंडून एक वाक्य येतं की मिस्टर टम्नस, बीव्हर नवराबायको, ही पहिल्या भागातली त्यांची दोस्तमंडळी, सगळेच गेले असणार. बस. पीटर लगेच म्हणतो चला, काय भानगड आहे ती बघूया, आणि सिनेमा जो पळत सुटतो तो पार शेवटाला पोचेपर्यंत ह्या गोष्टीकडं नीट वळून बघत नाही. अडीच तासांचा सिनेमा आणि तेराशे वर्षांच्या दुःखाला एक वाक्य.

माझी आजी असती तर इथं थांबली असती.

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडं. मे महिन्यात तिथं काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. दिवसभर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, संध्याकाळी गच्चीवर बादल्याच्या बादल्या पाणी ओतायचं, फरशीतून वाफा निघायच्या, त्या निवल्या की मग गाद्या टाकायच्या. शेजारी तेलुगू बोलणारी मंडळी, खाली गल्लीत कुणाच्या तरी शेडमध्ये यंत्रमागाचा खडखडाट रात्रभर चालू, तो आम्हाला ऐकूसुद्धा यायचा नाही इतकी सवय, उलट लाइट गेली आणि माग थांबले की झोपेतून जाग यायची. अशा रात्री आजी गोष्टी सांगायची आणि तिची आवडती गोष्ट रेवतीच्या बापाची.

ककुद्मी नावाचा राजा. मुलीला, म्हणजे रेवतीला, योग्य नवरा कुठं मिळेना म्हणून तो तिला घेऊन थेट ब्रह्मदेवाकडंच विचारायला गेला. तिथं गंधर्वांचं गाणं चालू होतं. मधेच कसं बोलायचं म्हणून राजा जरासा थांबला, गाणं संपल्यावर हात जोडून म्हणाला, देवा, हे हे राजपुत्र माझ्या मनात आहेत, ह्यातला कुठला बरा. ब्रह्मदेव हसला. म्हणाला, अरे तू इथं जेवढा वेळ गाणं ऐकलंस तेवढ्यात खाली सत्तावीस चतुर्युगं उलटली. तू ज्यांची नावं घेतोयस ते तर नाहीतच, त्यांच्या मुला-नातवंडांची, त्यांच्या गोत्रांचीसुद्धा नावं आता कुणाला माहीत नाहीत. जा खाली, बलरामाला दे पोरगी.

पुढं गोष्टीत मजा आहे, रेवती जुन्या युगातली म्हणून ताडमाड उंच आणि बलराम नांगरानं तिला आपल्या उंचीएवढी करून घेतो वगैरे, आम्हा पोरांना ऐकायचं असायचं ते तेच. पण आजी तिथं लवकर यायचीच नाही. ती राजाला वेशीतच उभा करून ठेवायची. "आता बघ, राजा येशीत हुबा हाय. गाव तेच. पर वळखीचं एक माणूस न्हाई. त्यानं हाक मारायची तर कुणाच्या नावानं मारायची गं?" असं विचारायची आणि गप्प बसायची. अडकित्त्यानं सुपारी कातरत राहायची. आम्ही चुळबुळ करायचो, पुढं सांग की, पुढं सांग की. ती म्हणायची, "त्याला तरी जरा बघू दे की."

मला तेव्हा ह्याचा राग यायचा. आता वाटतं की आख्खी गोष्ट आजी त्या थांबण्यासाठीच सांगत असणार.

ज्यावरून हा सिनेमा केला ते सी. एस. लुईसचं पुस्तक आलं १९५१ साली, पहिल्या पुस्तकानंतर एका वर्षानं. त्यात हा घर ओळखण्याचा भाग छान रेंगाळत रेंगाळत येतो. मुलांना आधी तहान लागते, भूक लागते, ओढा शोधतात, सफरचंदाची बाग सापडते, शेकोटी पेटवतात, आणि हळूहळू एकेक खूण पटत जाते, विहीर इथं, दिवाणखाना इथं, चबुतरा इथं, म्हणजे दार अमुक भिंतीत असणार, आणि ते वेलींच्या मागं खरोखरच असतं. वाचताना आपल्याला त्यांच्याआधी कळलेलं असतं आणि छातीत धडधडायला लागतं. सिनेमात हे सगळं आहे, पण यादीतल्या कामांसारखं भराभरा उरकलेलं.

हा प्रसंग मला एवढा का लागतो त्याचं दुसरं कारण माझे आजोबा. ते कापडगिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात. सोलापुरात १८७७ पासून गिरण्या, एकेकाळी भोंग्यावर आख्ख्या गावाची घड्याळं लावायचे लोक, आणि मग एकेक करत त्या बंद पडल्या. आजोबांची गिरणी बंद पडल्यावरही ते पहिल्या पाळीच्या वेळेला उठायचेच, उठून चहा करून नुसते बसायचे. एकदा कुठल्याशा कामाला मला सायकलवर डबलसीट घेऊन निघाले होते आणि वाटेत गिरणीच्या पडक्या कंपाउंडशी थांबले. आत बाभळी माजलेल्या, छपराचे पत्रे गेलेले, शेळ्या चरायल्या होत्या. भिंतीच्या भगदाडातून हात आत घालून ते मला दाखवायला लागले. "हितं आमचं खातं. हितनं त्या बाभळीपर्यंत साचे. माझे साचे खिडकीपाशी. तितं मुकादम बसायचा. आणि हितं, हितं पाण्याचा नळ, त्याच्यापाशी आम्ही डबा खायचो." मला दिसत होत्या त्या फक्त शेळ्या. पण त्यांचा हात हवेत ज्या ठामपणे फिरत होता, इथं वळतोय, इथं थांबतोय, त्यावरून मला ते खातं दिसल्यासारखं झालं. ल्यूसी भावंडांना एकेका जागी उभं करून इथं खांब होता म्हणते तेव्हा मला आजोबांचा तो हात आठवतो, आणि म्हणून तो प्रसंग असा घाईत आवरलेला बघवत नाही.

आता हा वाचवलेला वेळ सिनेमानं घातला कशात, तर लढायांत. एक मोठा रात्रीचा छापा आहे, राजपुत्र कॅस्पियनचं राज्य बळकावून बसलेल्या त्याच्या दुष्ट काकाच्या, राजा मिराझच्या किल्ल्यावर. हा पुस्तकात नाहीच, सिनेमासाठी रचलाय. गरुडसिंह मुलांना पंजात धरून किल्ल्यावर उतरवतात, एडमंड बुरुजावरून टॉर्चनं खुणा करतो, कॅस्पियन ठरलेलं सोडून काकाला जाब विचारायला जातो, डाव फसतो, आणि माघार घेताना एक मिनोटॉर, म्हणजे बैलाच्या तोंडाचा तो धिप्पाड गडी, वरून पडणारा लोखंडी दरवाजा खांद्यावर पेलून धरतो. शेवटी तोही कोसळतो आणि अर्धं सैन्य आतच अडकून मरतं. दरवाज्याच्या गजांमधून आत राहिलेले बाहेर पडलेल्यांकडं बघतात, ते दृश्य जबरदस्त आहे, मी नाकारत नाही. पण मग त्याचं दुःख तरी करा! इतकी आपली माणसं मेली, त्यावर पुढं काय, तर पीटर आणि कॅस्पियन एकमेकांवर ओरडतात, चूक तुझी, चूक तुझी, आणि लगेच पुढची तयारी. माणसं, बोलणारे प्राणी, अश्वमानव, कुणीच कुणासाठी धड रडत नाही ह्या सिनेमात.

पीटरचं तर फारच वाईट केलंय. कल्पना चांगली होती खरं तर. ज्यानं वर्षानुवर्षं राज्य केलं त्याला परत शाळेचा गणवेश घालून रेल्वे स्टेशनवर उभं केलं तर त्याचं काय होईल? कुणी धक्का मारला तर त्याच्या आतला राजा फणा काढेलच की. सिनेमात ह्या चौघांची गोष्ट त्या स्टेशनवरच्या मारामारीनं सुरू होते आणि मला वाटलं होतं, वा, आता हे पोरगं स्वतःशी काय ते निस्तरणार. पण पुढं तो नुसता हेकट होत जातो, प्रत्येकाशी कोण मोठा म्हणून झगडतो. पुस्तकातला पीटर कॅस्पियनला भेटल्या भेटल्या सांगतो की मी तुझी जागा घ्यायला आलेलो नाही, तुला तुझ्या जागी बसवायला आलोय. केवढं मोठं मन लागतं हे म्हणायला! तेराशे वर्षांनी आपल्याच घरी यायचं आणि दुसऱ्याला म्हणायचं हे घर आता तुझं. हा पीटर मला पडद्यावर बघायचा होता. तो मिराझशी जे एकट्यानं द्वंद्व खेळतो ते छान जमलंय, दमतो, धापा टाकतो, खांदा निखळतो, पण त्या लढाईमागं हे मन असतं तर ती कुठल्या कुठं गेली असती.

सुझन आणि कॅस्पियनचं ते प्रेम आणि निरोपाचा किस, तेही पुस्तकात नाही. त्याबद्दल मला जास्त काही लिहायचं नाही, पहिल्या भागातली पोरं मोठी झाली, बघणारीही मोठी झाली असतील, त्यांना असलंच काहीतरी लागत असेल असा कुणीतरी हिशेब केलेला दिसतो.

पण एक बाई त्यांनी गाळली त्याची चुटपुट मला कायमची लागून राहिलीये. पुस्तकात कॅस्पियनची एक म्हातारी आया आहे. मिराझच्या राज्यात जुन्या नार्नियाचं नाव काढायलाही बंदी, बोलणारे प्राणी, नाचणारी झाडं, चार राजे-राण्या हे सगळं थोतांड आहे असं मुलांना शिकवलेलं. आणि ही बाई अनाथ कॅस्पियनला रोज निजताना नेमक्या त्याच गोष्टी सांगते. पोरगं भाबडेपणानं काकाला सांगून बसतं, काका चिडतो आणि दुसऱ्या दिवशी आया गायब, तिला निरोपसुद्धा घेऊ न देता हाकलून दिलेलं असतं. पुस्तकाच्या शेवटाकडं अस्लान, तो सिंह, वाटेत एका झोपडीपाशी थांबतो, आत एक म्हातारी मरायला टेकलेली असते, तो तिला उठवतो, बरं करतो. तीच ती आया. तिनं आयुष्यभर ज्याच्या गोष्टी सांगितल्या तोच तिच्या दारात आलेला असतो. हे वाचताना मी ढसाढसा रडले होते. सिनेमात ती आया नाही. कॅस्पियनला जुना नार्निया माहीत आहे तो त्याच्या मास्तरांकडून. मास्तर चांगलेच आहेत, पण गोष्टी सांगणारी म्हातारी ती म्हातारी. तेराशे वर्षं नार्निया जिवंत राहिला तो असल्या बायांच्या तोंडी राहिला, लपूनछपून, अंधारात, पोराच्या डोक्यावरून हात फिरवत, आणि एवढ्या मोठ्या सिनेमात तिला एक उशापायथ्याची जागासुद्धा मिळाली नाही.

सगळंच फसलंय असं म्हणणार नाही. पीटर डिंकलेजनं केलेला ट्रम्पकिन हा बुटका मला फार आवडतो. एका प्रसंगात ल्यूसी अस्वल बघते आणि मैत्रिणीसारखी त्याच्याशी बोलायला जाते, कारण तिच्या काळातली अस्वलं बोलायची. हे बोलत नाही, अंगावर येतं, आणि ट्रम्पकिनला ते मारावं लागतं. मग तो म्हणतो की जनावरासारखंच वागवत राहिलं ना खूप दिवस, तर शेवटी जनावरच होतं. होडीतून जाताना ल्यूसी काठावरच्या झाडांकडं बघून म्हणते, ही अगदी स्तब्ध आहेत, पूर्वी नाचायची. ट्रम्पकिन सांगतो, परके लोक आले तेव्हा झाडं स्वतःच्या आत इतकी खोल निघून गेली की परत काही आली नाहीत. ह्या दोन जागी मला तो सिनेमा दिसतो जो होऊ शकला असता. चेटकीण बर्फाच्या भिंतीतून हात पुढं करते आणि पीटर-कॅस्पियन दोघंही भुलायला लागतात, तेव्हा मागून एडमंड येऊन ती भिंत फोडतो, तेही उत्तम. पहिल्या भागात मिठाईसाठी तिच्या नादी लागलेला एडमंडच तो, त्याला ती कोण आहे हे बाकी कुणाहीपेक्षा जास्त माहीत, आणि तो ह्यावर भाषण देत नाही.

पैशाचं म्हणाल तर पहिल्या भागानं जगभरात जवळपास साडेचौऱ्याहत्तर कोटी डॉलर मिळवले होते. दुसऱ्यावर खर्च केला साधारण साडेबावीस कोटी, म्हणजे पहिल्यापेक्षाही जास्त, आणि आले बेचाळीसच्या आसपास. पहिला नाताळच्या तोंडावर आला होता, बर्फाची गोष्ट बर्फाच्या दिवसांत, दुसरा २००८ च्या मे महिन्यात 'आयर्न मॅन' आणि 'इंडियाना जोन्स'च्या मधल्या फटीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डिस्नेनं अंग काढून घेतलं. तिसरा भाग २०१० मध्ये दुसऱ्या स्टुडिओनं, दुसऱ्या दिग्दर्शकाकडून केला आणि तिथंच ती मालिका थांबली, सातातली चार पुस्तकं राहिली ती राहिलीच. कारणं लोक बरीच सांगतात, तारीख चुकली, फार काळोखा झाला, स्पर्धा होती. असेल. मला मात्र वाटतं की पहिला सिनेमा बघून आलेल्या पोरांना जे हवं होतं ते त्यांना मिळालं नाही.

त्यांना काय हवं होतं ते मला माझ्या भाचीकडून कळलं. दोन वर्षांखाली मी सुट्टीला पुण्याहून हुतात्मानं सोलापूरला आले तेव्हा तिला घेऊन दोन्ही भाग बघितले. ती नऊ वर्षांची. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आम्ही खिडक्यांना ओल्या चादरी लावून आत लॅपटॉपपुढं, मधे शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचा डबा. पहिल्या भागात ल्यूसी कपाटातून मागं मागं सरकत बर्फात पाऊल टाकते आणि वळून बघते तेव्हा भाचीचं तोंड उघडंच राहिलं. ते हसू खरंच आहे म्हणा, जॉर्जी हेन्ली ह्या लहान पोरीला दिग्दर्शकानं तो बर्फाचा सेट आधी दाखवलाच नव्हता, डोळ्यांवर पट्टी बांधून आत नेलं आणि ती पहिल्यांदा बघताना जशी झाली तसंच शूट केलं. भाचीला हे सांगितलं तर तिनं तो प्रसंग परत लावायला लावला.

दुसऱ्या दिवशी दुसरा भाग. ती वाट बघत बसली. कशाची ते मला आधी कळेना. छापा झाला, लढाई झाली, गुहेच्या भिंतींवर ह्या चौघांची चित्रं कोरलेली दिसली, आणि ती एकदम म्हणाली, "आत्या, ते बकऱ्याच्या पायांचे काका कधी येणारेत?"

टम्नस. पहिल्या भागात ल्यूसीला छत्री घेऊन बर्फात भेटलेला, तिला घरी चहाला नेणारा, तो भला फॉन. मी म्हटलं, "अगं ते नाहीयेत आता. तेराशे वर्षं झाली ना."

"म्हणजे वारले?"

"हो."

"मग ल्यूसी रडली का नाही?"

मी म्हटलं रडली असेल, दाखवलं नाही. ती म्हणाली, "मैत्रीण होती ना ती त्यांची. दाखवायला पाहिजे होतं." आणि मग पुढचा सिनेमाभर तिचं लक्षच नव्हतं. झाडं जागी झाली, नदीतून देव उठला आणि त्यानं पूल उचलून फोडला, एवढं सगळं पडद्यावर चाललेलं आणि ही चटणीत बोट घालून चाटत म्हणतेय, "त्यांचं घर तरी असेल की. ती तिथं बघायला का नाही गेली?"

एवढ्याशा पोरीनं जे मागितलं ते साडेबावीस कोटी डॉलरवाल्यांना सुचलं नाही ह्याचं मला त्या दिवशी खरंच रडू आलं. आपण मुलांबद्दल असं का धरून चालतो की त्यांना तलवारी दिल्या की झालं? मुलांच्याही आयुष्यात माणसं जातात. हिचे पणजोबा गेले, गल्लीतली मैत्रीण बापाच्या बदलीपायी लातूरला गेली, तिच्या बंद दारापाशी ही कित्येक दिवस सायकल उभी करून थांबायची. तिला माहीत आहे ते कसं असतं. तिला बघायचं होतं की नार्नियाची राणी झालेली पोरगीसुद्धा असल्या दारापाशी काय करते.

त्या सुट्टीत मग आम्ही पुस्तक काढलं. माझ्याकडं इंग्रजी प्रत आहे, ती समोर धरून मी रोज रात्री गच्चीवर थोडं थोडं मराठीत सांगायचे, जमेल तसं, अस्वल आणि बुटके सोलापुरी बोलायचे. ढिगाऱ्याचं प्रकरण आलं तेव्हा मी मुद्दाम थांबले, पुढं सांगितलंच नाही. भाची काही चुळबुळली नाही. म्हणाली, "थांब, मी सांगते कुठं काय होतं ते," आणि गादीवरच उठून उभी राहिली, पायानं दिवाणखाना आखायला लागली, इथं दार, इथं जिना, इथं ल्यूसीची खोली आणि इथं टम्नसकाका आले की बसायची त्यांची खुर्ची. ती खुर्ची पुस्तकात कुठंही नाही. आयाचं प्रकरण ऐकून ती भयंकर चिडली, काकाला वाट्टेल ते बोलली, आणि शेवटी अस्लान झोपडीशी येतो ते तर तिनं तीन-चार रात्री ओळीनं सांगायला लावलं.

आता नेटफ्लिक्ससाठी ग्रेटा गर्विग नार्निया करतेय. तिनं सुरुवात दुसऱ्याच पुस्तकापासून केलीये, जिथं अस्लान गात गात नार्निया घडवतो तिथून, त्यामुळं कॅस्पियनपर्यंत ती येईल की नाही कुणास ठाऊक. आली तर छापा नसला तरी चालेल, किस नसला तरी चालेल, लढाई थोडक्यात आटपली तरी माझी काही तक्रार नाही. आया पाहिजे. आणि ल्यूसीला टम्नसच्या घरापाशी न्यायला पाहिजे, गुहेचं तोंड वेलींनी बुजलेलं असू दे, आत काही नसू दे, एखादी किटली असली तर असू दे. भाची तोपर्यंत मोठी झालेली असेल, आम्ही दोघी थिएटरला जाऊनच बघू.